साळसूद साक्षीचे हसू : सातारा-सांगली परिसरातील तमाशाची बतावणी आणि दूरचित्रवाणीवरील लटका माहितीपट

प्रस्तावना

एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांमध्ये एक वेगळा प्रकार पुढे आला. इंग्रजीत त्यास मॉक्युमेंटरी असे नाव आहे; मराठीत त्याला 'लटका माहितीपट' म्हणता येईल. जुलै २००१ मध्ये बीबीसीवर सुरू झालेली रिकी जर्व्हेस व स्टीफन मर्चंट यांची 'द ऑफिस' ही मालिका या प्रकाराचा ठळक नमुना होय. कागद विकणाऱ्या एका सामान्य कंपनीच्या कचेरीत माहितीपटवाले कॅमेरा घेऊन आले आहेत, अशी तीत कल्पना आहे. साहेब कॅमेऱ्यापुढे बसून आपल्या कर्तबगारीचे वर्णन करतो आणि पुढच्याच दृश्यात त्याच्या शब्दांचा फोलपणा उघड होतो. या मालिकेचे अमेरिकन रूप २००५ ते २०१३ या काळात चालले. त्यानंतर 'पार्क्स अँड रिक्रिएशन' (२००९-२०१५) आणि 'मॉडर्न फॅमिली' (२००९-२०२०) या मालिकांनी हीच पद्धत अनुक्रमे सरकारी कचेरीत आणि घरात आणली. 'द ऑफिस'चे हिंदी रूपांतर २०१९ मध्ये आले. मराठी दूरचित्रवाणीवर मात्र हा प्रकार स्वतंत्र, दीर्घ मालिका म्हणून रुजलेला दिसत नाही.

या विनोदाच्या लोकप्रियतेचे कारण सामान्यतः कॅमेऱ्याच्या नावीन्यात शोधले जाते. वास्तवदर्शी कार्यक्रमांचा सुकाळ झाला, प्रेक्षक त्यांना कंटाळला आणि त्यांचेच विडंबन त्याला रुचू लागले, असे हे स्पष्टीकरण आहे. ते चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. एखाद्याने अधिकाराच्या भाषेत, गंभीर चेहऱ्याने आपली बाजू मांडावी, ती त्याच्याच तोंडून खोटी ठरावी आणि समोरच्या समूहाने त्याचा साक्षीदार व्हावे, हा या हसण्याचा गाभा आहे. आणि त्यासाठी कॅमेरा अपरिहार्य नाही. प्रस्तुत निबंधात हे विधान जुन्या सातारा जिल्ह्यातील तमाशाच्या आधारे तपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

जुना सातारा जिल्हा असे म्हणण्यास कारण आहे. १९४९ मध्ये या जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. त्यापूर्वीचा इतिहास लिहिताना आजची सीमारेषा उपयोगाची नाही. तासगाव तालुक्यातील सावळज, वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष व वाटेगाव आणि मिरज तालुक्यातील कवलापूर ही चार गावे एकमेकांपासून फार लांब नाहीत. मराठी तमाशाच्या इतिहासातील चार महत्त्वाची प्रकरणे या चार गावांशी निगडित आहेत.

लटक्या माहितीपटाची रीत

१ एप्रिल १९५७ रोजी बीबीसीच्या 'पॅनोरमा' या प्रतिष्ठित कार्यक्रमात स्वित्झर्लंडमध्ये झाडांवरून शेवयांसारख्या स्पॅघेटीचे पीक काढले जात असल्याची चित्रफीत दाखविण्यात आली. निवेदन रिचर्ड डिम्बलबी यांचे होते. हा आवाज ब्रिटिश श्रोत्यांना गंभीर राष्ट्रीय प्रसंगांमधून परिचित होता. विनोद झाडावर नव्हता, तर त्या आवाजात होता. हीच मजकुराची मांडणी एखाद्या विदूषकी चेहऱ्याच्या नटाने केली असती, तर ती विसरली गेली असती. पुढे १९८४ मध्ये रॉब रायनर यांच्या 'धिस इज स्पायनल टॅप' या चित्रपटाने एका काल्पनिक वाद्यवृंदाचा संपूर्ण माहितीपटच रचला.

दूरचित्रवाणी मालिकेत ही रीत स्थिरावली, तेव्हा तिच्यात तीन भूमिका स्पष्ट झाल्या. पहिली, स्वतःला थोर समजणारा आणि तसे बोलून दाखविणारा साहेब. दुसरी, त्याच्या हाताखालचा, सारे समजून गप्प बसणारा आणि मधूनच कॅमेऱ्याकडे एक कटाक्ष टाकणारा कर्मचारी. तिसरी भूमिका प्रेक्षकाची. ध्वनिमुद्रित हशा या मालिकांमध्ये नसतो. कुठे हसावे हे प्रेक्षकाला कोणी सांगत नाही. त्या कर्मचाऱ्याचा कटाक्ष तेवढा त्याला सामील करून घेतो. साहेब गावाला सांगतो एक, गावाला ठाऊक असते दुसरे, आणि या दोहोंमधील अंतरात हसू पिकते.

सरदार आणि सोंगाड्या

तमाशाचा क्रम सर्वपरिचित आहे. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि वग. यांपैकी वगाचा आरंभ सावळजच्या उमा-बाबू यांच्या 'मोहना-बटाव' या १८६५ मधील वगापासून मानला जातो. वगामुळे तमाशाला सलग कथानक मिळाले. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने वगापेक्षा बतावणी अधिक महत्त्वाची आहे. बतावणी म्हणजे सरदार आणि सोंगाड्या यांची गद्य सवाल-जबाबाची चकमक. 'बतावणी' या शब्दातच सांगणे आणि भासविणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मराठीत एखादा माणूस आजारपणाची बतावणी करतो, असे आपण म्हणतोच.

या चकमकीत सरदार हा भारदस्त असतो. तो शहाणपण सांगतो, हुकूम सोडतो, हिशेब मागतो. सोंगाड्या त्याचा प्रत्येक शब्द अक्षरशः घेतो किंवा मुद्दाम उलटा घेतो. वेड पांघरून पेडगावला जाणे ही त्याची चाल. मात्र सोंगाड्याचे खरे संभाषण सरदाराशी नसते. तो सरदाराला उत्तर देतो आणि पाहतो मात्र समोर बसलेल्या लोकांकडे. त्याचे ते पाहणे आणि कचेरीतील त्या कर्मचाऱ्याचा कॅमेऱ्याकडील कटाक्ष, ही एकाच घराण्यातील दोन भावंडे होत.

येथे एक फरक नोंदविणे अगत्याचे आहे. वरवर पाहता मालिकेतील हास्यास्पद साहेबाची तुलना सोंगाड्याशी करावीशी वाटते, कारण दोघेही हसवितात. परंतु ती तुलना फसवी आहे. साहेबाला आपण हास्यास्पद आहोत याची कल्पनाच नसते. सोंगाड्याला ती पुरती असते. साहेबाचे नाते आहे ते सरदाराशी. तमाशाच्या रसिकांनी सरदाराकडे नेहमी दुय्यम नट म्हणून पाहिले, हे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. त्याने आपला भारदस्तपणा क्षणभर जरी सोडला आणि तोही हसला, तर सोंगाड्याचा वार वाया जातो. साळसूद चेहऱ्याने मूर्खपणा उभा करणे ही अवघड कला आहे. अनेक फडांत फडाचा मालकच सरदाराचे काम करी, हे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

गौळणीतही हेच सूत्र सापडते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवितात व दान मागतात. हा प्रसंग पुराणातला. पण मावशी जेव्हा कसले दान, कोणाच्या हुकमाने, पावती कुठे आहे असे विचारू लागते, तेव्हा देवाचा सवंगडी जकातनाक्यावरचा कारकून होऊन जातो. भक्तिप्रसंगाच्या पोटात सरकारी वसुलीचे सोंग शिरते. त्याला आक्षेप घ्यावा, तर तो कृष्णलीलेवर घ्यावा लागेल, अशी ही सोय आहे.

या भागात नाटकाची दुसरी परंपराही होती, याचा केवळ उल्लेख पुरेसा आहे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' सादर केले. त्या नाटकांतही सूत्रधार आणि विदूषक यांचा संवाद असे. परंतु तो विदूषक संस्थानिकाच्या दरबारात बोलत होता, आणि सोंगाड्या जत्रेत. दोघांना मिळणारी मोकळीक व दोघांवरचा धाक, दोन्हीही वेगळे होते.

चावडी, जबानी आणि हजेरी

तमाशातील सोंगाला सरकारी कागदाची ओढ इतकी का, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. वगामागून वगात हवालदार येतो, फिर्याद होते, जबानी घेतली जाते, न्यायनिवाडा होतो. याचे उत्तर कलेच्या अंतर्गत रचनेत शोधण्यापेक्षा कलावंतांच्या जीवनात शोधणे योग्य ठरेल.

तमाशा उभा केला तो प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी इत्यादी समाजांतील कलावंतांनी. गावगाड्यात त्यांची नावे दप्तरात होती; दप्तर त्यांच्या हाती नव्हते. १८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींविषयीचा कायदा केला आणि १९११ च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यात त्याचा अंमल वाढला. मांग, रामोशी अशा समाजांतील अनेकांना ठरावीक वेळी चावडीवर जाऊन हजेरी द्यावी लागे. गुन्हा घडला असो वा नसो, माणूस आपल्या जागी आहे हे कागदावर सिद्ध करावे लागे. हा कायदा रद्द झाला तो १९५२ मध्ये. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा' (१९५९) या कादंबरीच्या पार्श्वभूमीला हाच काळ व हाच प्रदेश आहे.

पश्चिम महाराष्ट्रातील जत्रांमध्ये रात्रीच्या तमाशानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाचा जो खेळ होतो, त्यालाही 'हजेरी' असेच म्हणतात. दोन्ही शब्दांची व्युत्पत्ती एकच असली तरी एका हजेरीतून दुसरी निघाली असे म्हणणे धाडसाचे होईल. पण ज्या माणसांना चावडीपुढे खाली मान घालून हजेरी द्यावी लागे, त्यांच्यातलाच एखादा गावाच्या मध्यभागी खाकी कपडे चढवून हवालदार म्हणून उभा राहतो आणि इतरांची हजेरी घेतो, हे दृश्य पाहणाऱ्याला दुसरी हजेरी आठवली नसेल, हे संभवत नाही. या हसण्यात केवळ करमणूक नव्हती. रोज ज्याची भीती वाटते त्याच्या तोंडची भाषा आपल्या ताब्यात आल्याचा तो अनुभव होता.

या संदर्भात रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, अर्थात पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५), यांचे उदाहरण बोलके आहे. गावचे दप्तर ज्या नावाने ओळखले जाते ते आडनाव लावणारा हा ब्राह्मण तरुण तमाशाच्या फडात गेला आणि त्याची किंमत त्याने आपल्या जातीतील स्थान गमावून मोजली. त्यांची लावणी विद्यापीठांतील अभ्यासक्रमांपर्यंत पोहोचली. दप्तराकडून फडाकडे झालेला त्यांचा हा प्रवास मात्र तितका चर्चिला गेला नाही.

हवालदाराचे सोंग शिगेला नेले ते कवलापूरच्या काळू-बाळू यांनी. लहू आणि अंकुश संभाजी खाडे हे जुळे भाऊ. त्यांच्या घरात तमाशा पिढ्यांचा होता. सातू-हिरू आणि नंतर शिवा-संभा कवलापूरकर ही नावे दक्षिण महाराष्ट्रात गाजलेली होती. 'जहरी प्याला' या वगातील त्यांची हवालदारांची जोडी प्रेक्षकांनी वर्षानुवर्षे पुनःपुन्हा पाहिली. दिसायला एक, वेषाला एक, असे दोन हवालदार एकाच वेळी समोर उभे राहतात. त्यांतील कोणता कोण हे सांगता येत नाही. जुळेपणाचा हा लाभ निसर्गाने दिलेला होता, परंतु त्याचा अर्थ प्रेक्षकांनी लावला. गणवेशातील सगळी माणसे सारखीच, हा ग्रामीण माणसाचा अनुभव त्या जोडीने डोळ्यांसमोर उभा केला. त्यांचे हवालदार दुष्ट नसत. ते आपल्या कामाविषयी कमालीचे गंभीर असत आणि म्हणूनच निरुपयोगी ठरत. दूरचित्रवाणीवरील साहेबही दुष्ट नसतो. त्याला फक्त आपले काम फार थोर वाटते.

अर्थात या परंपरेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. बतावणीतला वार नेहमीच वरच्या दिशेने जात नसे. नाचणाऱ्या स्त्रीचे शरीर, बायकोचा मार, बहिऱ्याचे बोलणे, मावशीचे वय हे विषय सोंगाड्याला हुकमी हशा मिळवून देत आणि तो ते सोडत नसे. शिवाय फडाची सुपारी गावचे पंचच देत. हवालदाराची खिल्ली उडविणे एकवेळ परवडे. ज्याच्या वाड्यासमोर बोर्ड बांधला आहे त्या पाटलाची उडविणे जिकिरीचे होते. सोंगाड्याला मोकळीक होती, पण तिला कुंपणही होते आणि ते कुठपर्यंत आहे हे तो जत्रेगणिक अजमावीत असे.

दोन सरकारे एका गावात

१९४३ ते १९४६ या काळात या जिल्ह्याने एक विलक्षण अवस्था अनुभवली. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यातील अनेक गावांत प्रतिसरकार कार्यरत होते. त्याची न्यायदान मंडळे होती, तुफान सेना होती. लोकांनी 'प्रति'चे 'पत्री' केले. तळपायांना पत्री ठोकण्याच्या शिक्षेची दहशत आणि कौतुक त्या एका अक्षराच्या फेरात सामावले गेले. या चळवळीचा राजकीय इतिहास बराच लिहिला गेला आहे. प्रस्तुत विषयासाठी त्यातील एक बाब लक्षणीय आहे. एकाच गावात दिवसा एक सरकार आणि रात्री दुसरे असले, की 'सरकार' ही वस्तू अढळ राहत नाही. ती एक भूमिका आहे, ती दुसऱ्यालाही वठविता येते, हे गावकऱ्यांना प्रत्यक्ष दिसले. शाहीर शंकरराव निकम यांच्यासारख्यांची कलापथके याच काळात गावोगाव फिरत होती.

याच भूमीतून मुंबईला गेलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी १९४४ मध्ये अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारले आणि तमाशाचे लोकनाट्य केले. 'अकलेची गोष्ट', 'शेटजीचे इलेक्शन', 'लोकमंत्र्यांचा दौरा' ही त्यांच्या लोकनाट्यांची शीर्षकेच पुरेशी बोलकी आहेत. निवडणूक आणि मंत्र्याचा दौरा हे वृत्तपत्रांच्या पहिल्या पानाचे विषय. त्यांना वगाच्या साच्यात बसविताना अण्णा भाऊंनी देवादिकांचा आडोसा काढून टाकला. पेंद्याच्या आडून जकातीवर बोलण्याची गरज त्यांना उरली नाही. त्याचबरोबर तो आडोसा देणारी सुरक्षितताही राहिली नाही. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई सरकारने तमाशावर आणि अशा कलापथकांवर निर्बंध आणले, ते अकारण नव्हते.

माणदेशी निवेदन

माण आणि आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून आणखी एक धारा आली. तिला विनोदी म्हणणे पूर्णतः योग्य नाही. तेव्हाच्या औंध संस्थानातील माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर यांचे 'माणदेशी माणसं' १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील व्यक्तिचित्रे एखाद्या नोंदवहीतील नोंदींप्रमाणे कोरडी आहेत. लेखक मत देत नाही, कीव करीत नाही, माणूस जसा आहे तसा उभा करतो. 'बनगरवाडी'तील (१९५५) तरुण मास्तर तर स्वतःच सरकारी नोकर आहे. तो गावात येतो तेव्हा शाळा उघडणे हे त्याचे कागदावरचे काम असते. गाव त्याला अर्ज लिहिण्यापासून भांडणे मिटविण्यापर्यंतची कामे सांगते. कागदावरची शाळा आणि प्रत्यक्षातील मेंढरे यांच्यातील अंतर माडगूळकरांनी हसत नव्हे, तर शांतपणे दाखविले.

हेच माडगूळकर १९६० च्या दशकात शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्यासह कथाकथनाच्या व्यासपीठावर आले, तेव्हा या शांतपणाचा विनोदी उपयोग श्रोत्यांना कळला. घडलेलीच हकिकत सांगतो आहोत, असा भाव चेहऱ्यावर ठेवून अशक्य गोष्ट सांगत जाणे, आणि श्रोते हसत असताना आपण न हसणे. इंग्रजीत या अभिनयाला स्वतंत्र नाव आहे. मराठीतील 'साळसूद' हा शब्द त्याहून नेमका आहे, कारण त्यात वरचा निरागसपणा आणि आतला डाव दोन्ही आहेत.

कॅमेरा गावात येतो

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. सातारा-सांगलीच्या खेड्यांत दूरचित्रवाणी संच दिसू लागले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९८० च्या दशकात. 'आमची माती आमची माणसं' यासारख्या कार्यक्रमांतून शेतकरी पडद्यावर आला, तो माहिती घेणारा किंवा माहिती देणारा म्हणून. हा खराखुरा माहितीपटाचा शेतकरी होता. स्वच्छ कपडे घालून तो कॅमेऱ्यापुढे उभा राही, खताचे प्रमाण सांगे आणि घरी आपण कसे दिसलो याची चौकशी करी. त्याच सुमारास, १९८९ मध्ये, जसपाल भट्टी यांच्या 'फ्लॉप शो'ने राष्ट्रीय वाहिनीवर सरकारी कारभाराची साळसूद खिल्ली उडविली आणि ती भारतभर पसंत पडली. प्रेक्षक तयार होता, याचे हे गमक मानता येईल.

मराठीत कॅमेऱ्यालाच पात्र करण्याचा धीट प्रयोग दूरचित्रवाणीवर नव्हे, चित्रपटात झाला. उमेश कुलकर्णी दिग्दर्शित 'वळू' (२००८) ही एका गावातील मोकाट वळूला पकडण्यासाठी आलेल्या वनाधिकाऱ्याची गोष्ट आहे. अधिकाऱ्याबरोबर त्याचा धाकटा भाऊ कॅमेरा घेऊन येतो. त्याला या मोहिमेचा माहितीपट करावयाचा आहे. संपूर्ण चित्रपट काही लटका माहितीपट नाही, परंतु त्याच्या पोटात एक माहितीपट घडत असतो. गावकरी त्या कॅमेऱ्यापुढे येऊन वळूविषयी आपापली जबानी देतात. प्रत्येकाचा वळू वेगळा. सरपंचाचा गट आणि विरोधी गट यांना वळूपेक्षा पडद्यावर आपण कसे दिसू याची काळजी अधिक. गावात घडणाऱ्या प्रत्येक नुकसानीचे खापर मुक्या जनावरावर फोडता येते आणि कॅमेऱ्यापुढे ते अधिकच सफाईने फुटते.

'वळू'चे यश असे, की त्यात हसण्याची दिशा एकेरी नाही. गाव हास्यास्पद आहे, तसा शहरातून आलेला तो उत्साही कॅमेरावालाही हास्यास्पद आहे. खेड्यात काहीतरी अस्सल सापडेल म्हणून तो आला आहे आणि खेडे त्याच्यासाठी अस्सलपणाचे सोंग आणीत आहे. सरदार कोण आणि सोंगाड्या कोण, हे येथे क्षणाक्षणाला बदलते.

त्यानंतरच्या दशकात सातारा परिसर हा मराठी मालिकांच्या चित्रीकरणाचा आवडता प्रदेश झाला. 'लागिरं झालं जी' (२०१७-२०१९) या मालिकेने साताऱ्याची बोली घरोघर पोहोचविली. महाजालावरील 'गावाकडच्या गोष्टी' याच भागातील तरुणांनी उभी केली. २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या' या कार्यक्रमाने थुकरटवाडी नावाचे गावच वसविले. या सर्वांचा येथे तपशिलात विचार करण्याचे प्रयोजन नाही. एक निरीक्षण मात्र नोंदवावे लागेल. शहरी रंगमंचावरून सादर होणाऱ्या अनेक प्रहसनांत विनोद पात्राच्या वागण्यात नसून त्याच्या 'गावरान' उच्चारात ठेवलेला असतो. नट 'न' आणि 'ण' यांची अदलाबदल करतो आणि सभागृह हसते. बतावणीत बोली ही शस्त्र होती. येथे ती लक्ष्य झाली आहे. कॅमेरा सोंगाड्याच्या बाजूने पाहत नाही, तो वनाधिकाऱ्याच्या भावाच्या बाजूने पाहतो. लटका माहितीपट हा प्रकार मराठीत येणारच असेल, तर तो कोणाच्या नजरेने पाहील हा प्रश्न त्याच्या तांत्रिक सफाईपेक्षा महत्त्वाचा आहे. ग्रामपंचायत, साखर कारखान्याची सभा, सहकारी पतपेढी, महाविद्यालयाचे कार्यालय यांत त्याला विषयांचा तोटा पडणार नाही. मात्र कटाक्ष टाकणारा शिपाई कोण असेल आणि तो कुठल्या बोलीत गप्प बसेल, हे लेखकाला आधी ठरवावे लागेल.

दुसरा फरक प्रेक्षकाचा. जत्रेतील प्रेक्षक सोंगाड्याला उलट बोले. मागून कोणी तरी ओरडे, सोंगाड्या त्यालाच पात्र करून घेई आणि पुढची दहा मिनिटे त्या माणसाच्या नावावर जात. कॅमेऱ्याकडे टाकलेला कटाक्ष परत येत नाही. प्रेक्षक साक्षीदार राहतो, पण त्याची साक्ष कोणी विचारीत नाही. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एकेकट्याने पाहिलेल्या विनोदाला हे उणेपण अधिकच जाणवते.

बतावणीचा कागद

या परंपरेचा अभ्यास करताना एक अडचण येते व ती स्वतःच या विषयाचा भाग आहे. १९५० च्या दशकात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षणाची व्यवस्था सुरू झाल्यानंतर फडमालकांना वगाची संहिता मंजुरीसाठी सादर करावी लागू लागली. संहिता लिहून काढली जाई, तपासली जाई, तिच्यावर शिक्का बसे. परंतु बतावणी ही मुळात लिहिण्याची वस्तू नव्हे. गावात शिरताना दिसलेला खचलेला रस्ता, त्या आठवड्यातील बातमी, समोर बसलेल्या सावकाराची पगडी यांवर ती ऐनवेळी उभी राही. त्यामुळे मंजूर संहितेत सरदाराचे प्रश्न काहीसे सापडतात. सोंगाड्याची उत्तरे असतात तीही मिळमिळीत, कोणालाही न दुखविणारी. बोर्डावर त्या रात्री जे बोलले गेले ते त्या कागदात नाही. दप्तरात एक तमाशा आहे आणि जत्रेत दुसराच झालेला आहे. काळू-बाळूंच्या काही वगांचे ध्वनिमुद्रण झाले, ते बाजारात आले आणि आजही ऐकावयास मिळते. ते ऐकताना मधूनच संवाद थांबतो, प्रेक्षकांतून काहीतरी अस्पष्ट ऐकू येते, आणि हवालदार क्षणभर थांबून पुन्हा त्याच गंभीर आवाजात बोलू लागतो.